राजीनामा म्हणजे निकाल नव्हे

मोठ्या पदावरच्या पुरुषाविरुद्ध स्त्रिया बोलतात, गदारोळ होतो, एक दिवस तो राजीनामा देतो. ‘गेला एकदाचा!’ म्हणून सगळे सुस्कारा सोडतात. पण राजीनामा ही शिक्षा नाही आणि निकालही नाही. बऱ्याचदा ती निकालातून निसटण्याची वाट असते. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात २०२१ मध्ये जे घडलं, ते या दृष्टीने आपण नीट समजून घ्यायला हवं.

अँड्र्यू कुओमो तिथले गव्हर्नर होते. तिथला गव्हर्नर म्हणजे आपल्या राज्यपालासारखं शोभेचं पद नव्हे. लोकांनी थेट निवडून दिलेला तो राज्याचा कारभारी. त्यांनी लैंगिक छळ केल्याचं एकेक स्त्री सांगू लागली. मार्च २०२१ मध्ये तिथल्या विधानसभेच्या अध्यक्षांनी न्यायविषयक समितीला महाभियोगाची चौकशी करायला सांगितलं. विधानसभेत बहुमत कुओमोंच्याच पक्षाचं होतं, हे लक्षात ठेवू या.

राज्याच्या ॲटर्नी जनरल लेटिशिया जेम्स यांनी नेमलेल्या वकिलांची चौकशी वेगळी चालू होती. त्यांनी १७९ जणांशी बोलून, ७४ हजारांहून अधिक कागदपत्रं तपासून ३ ऑगस्टला अहवाल दिला: कुओमोंनी ११ स्त्रियांचा लैंगिक छळ केला. आठवडाभरात, १० ऑगस्टला, कुओमोंनी पद सोडत असल्याचं जाहीर केलं. आरोप त्यांनी तेव्हाही नाकारले आणि नंतरही.

राजीनाम्याची ही घाई समजून घ्यायची तर महाभियोगाची रीत माहीत हवी. न्यूयॉर्कच्या विधानसभेने साध्या बहुमताने ठराव केला की खटला सिनेटचे सदस्य आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश यांच्यासमोर चालतो. दोन तृतीयांश मतांनी दोष ठरला तर पद जातं, शिवाय पुढे राज्यातलं कुठलंही सार्वजनिक पद भूषवायला बंदी घालता येते. खुर्ची आपण होऊन सोडली की ही बंदी टळण्याची शक्यता मोठी.

झालंही तसंच. राजीनामा जाहीर झाल्यावर तिसऱ्याच दिवशी विधानसभेच्या अध्यक्षांनी चौकशी थांबवत असल्याचं सांगितलं. पदावर नसलेल्या व्यक्तीवर महाभियोग चालवायची घटनेत तरतूद नाही, हे त्यांचं कारण. त्याच वर्षी फेब्रुवारीत अमेरिकेच्या सिनेटने माजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्यावर, ते पदावरून गेल्यानंतर, महाभियोगाचा खटला चालवता येतो असं ५६ विरुद्ध ४४ मतांनी ठरवलं होतं. म्हणजे प्रश्न एवढा सरळ नव्हता. दोन्ही पक्षांतून ओरड झाली, तेव्हा समितीने निदान अहवाल पुरा करायचं कबूल केलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये तो प्रसिद्ध झाला. लैंगिक छळाचे भरभक्कम पुरावे आहेत, ५० लाख डॉलरहून अधिक मोबदल्याच्या पुस्तकासाठी सरकारी कर्मचाऱ्यांना राबवलं, वृद्धाश्रमांतल्या करोना-मृत्यूंचे आकडे पारदर्शकपणे दिले नाहीत, असं त्यात नोंदलं आहे.

कोणी म्हणेल, फौजदारी खटल्यात तर काहीच सिद्ध झालं नाही. खरं आहे. पण महाभियोग तुरुंगात धाडण्यासाठी नसतोच. लोकांनी सोपवलेली सत्ता या माणसाने कशी वापरली, हे तपासण्यासाठी तो असतो. उलटतपासणी झाली नाही अशी तक्रार कुओमोंची बाजू करत राहिली. ती करण्याची हक्काची जागा सिनेटमधला खटलाच होता, आणि तो राजीनाम्यामुळे झाला नाही.

२०२५ मध्ये कुओमो न्यूयॉर्क शहराच्या महापौरपदासाठी उभे राहिले. आधी पक्षांतर्गत निवडणुकीत, मग अपक्ष म्हणून नोव्हेंबरमध्ये, दोन्हीदा हरले. पण उभे राहू शकले! त्या प्रचारात तक्रारदार स्त्रियांच्या हाती काय होतं? छापलेला अहवाल, बस्स.

हे सातासमुद्रापलीकडचं खरं, पण आपल्या दाराशीही तेच आहे. २०१९ मध्ये तत्कालीन सरन्यायाधीशांविरुद्ध न्यायालयाच्या एका माजी कर्मचारी स्त्रीने तक्रार केली. आरोप त्यांनी फेटाळले. आपल्याला वकील मिळत नाही म्हणून तिने चौकशीतून अंग काढून घेतलं; तीन न्यायाधीशांच्या समितीने तक्रारीत तथ्य नसल्याचं ठरवलं आणि अहवाल गुप्त राहिला. कशाच्या आधारे ठरवलं, हे ती स्त्री कुणाला विचारणार?

संस्थांच्या तक्रार समित्यांवर मी बाहेरची सदस्य म्हणून जाते. एका ठिकाणी वरिष्ठाने मध्येच राजीनामा दिला आणि व्यवस्थापनाने निरोप धाडला, ‘आता विषय संपला.’ तक्रार करणारी मुलगी मला म्हणाली, “ताई, तो गेला ते ठीक. पण माझं खरं होतं की खोटं, हे कोणी लिहून देणार की नाही?” ती सूड मागत नव्हती, नोंद मागत होती. नोंद नसली की वर्षभरात गोष्ट उलटी फिरते: ‘बिचाऱ्याला एका बाईमुळे नोकरी सोडावी लागली.’

म्हणून मैत्रिणींनो, समितीवर असाल तर राजीनामा आला तरी चौकशी पुरी करण्याचा आग्रह धरा. निष्कर्ष कारणांसह लिहा. २०१३ च्या कायद्याप्रमाणे अहवाल दोन्ही बाजूंना मिळायला हवा. तो तक्रारदार स्त्रीच्या हातात पडला का, हे विचारा. आणि आमदार-मंत्र्यांचं काय? आपल्या विधिमंडळात मंत्र्यावर महाभियोगाची सोय नाही. तिथे राजीनामा घेतला की सगळेच हात झटकतात. त्यामुळे ‘राजीनामा द्या’ ही आपली घोषणा अपुरी आहे. ‘चौकशी पुरी करा, अहवाल मांडा’ हेही आता तितक्याच जोराने म्हणायला हवं.