मरणोत्तर पदक नेमके कशाची साक्ष देते?

१/ १० जुलै १९४४. इटलीतील टायबर नदीचे वरचे खोरे. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीची एक कंपनी शत्रूच्या भक्कम ठाण्यावर चालून गेली. नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. घाडगे यांच्याखेरीज तुकडीतला प्रत्येक जण ठार वा जखमी झाला.

२/ सोबतीला कोणी उरले नाही हे ठाऊक असूनही ते एकटे त्या मशीनगनवर धावून गेले. हातबाँबने त्यांनी ती आणि ती चालवणारा, दोन्ही निकामी केले. आणखी एकाला टॉमीगनने टिपले. मॅगझिन बदलायला उसंत नव्हती, म्हणून बंदूक नळीकडून धरून तिच्या तडाख्यांनी उरलेल्या दोघांना ठार केले. त्यानंतर शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत लागल्या. एकट्याने जिंकलेल्या त्या मोर्चातच त्यांनी प्राण सोडला. वय अवघे २२.

३/ रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्याच्या या सुपुत्राला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आज या सन्मानाविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. एक म्हणते, साम्राज्याने दिलेल्या पदकाचे आपण कौतुक का करावे? दुसरे पदकांच्या उतरंडीवरून वीरांची क्रमवारी लावते. माझ्या मते दोन्ही मते एकाच जागी चुकतात. ती पदकालाच शौर्य समजतात.

४/ नियमांचा इतिहास पाहा. व्हिक्टोरिया क्रॉस १८५६ मध्ये सुरू झाला, पण पहिली अनेक दशके तो मृतांना देण्याची प्रथा नव्हती. १८७९ मध्ये इसांडलवानाच्या लढाईत पलटणीचे निशाण वाचवताना लेफ्टनंट मेलविल आणि कॉगहिल मारले गेले. त्यांना हा क्रॉस मिळाला १९०७ मध्ये. मधल्या २८ वर्षांत त्यांचे शौर्य वाढले नव्हते. बदलला तो नियम.

५/ भारतीय सैनिकांना तर १९११ पर्यंत हा क्रॉस मिळूच शकत नव्हता. १२ सप्टेंबर १८९७ रोजी सारागढीत ३६व्या शीख पलटणीचे २१ जवान अखेरपर्यंत लढून धारातीर्थी पडले. त्या सर्वांना ‘इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट’ देण्यात आले. तेव्हा भारतीय शिपायासाठी शौर्याचा तोच सर्वोच्च सन्मान होता. त्याहून वरचे दार त्यांच्यासाठी बंद होते.

६/ आणखी एक विसंगती. मिलिटरी क्रॉस किंवा मिलिटरी मेडल ही ब्रिटिश पदके १९७९ पर्यंत मरणोत्तर दिली जात नसत. त्याच कृतीत एक जण वाचला आणि दुसरा मेला, तर वाचलेल्याला पदक मिळे. मेलेल्याच्या वाट्याला बहुधा खलित्यातला नामोल्लेख, तोही झाला तर.

७/ नियमाइतकीच महत्त्वाची असते साक्ष. सारागढीची हकीकत जगाला कळली, कारण गुरमुख सिंग हेलिओग्राफवरून अखेरपर्यंत संदेश पाठवत होते आणि शेजारच्या किल्ल्यांतून लढाई दिसत होती. जिथे पाहणारा कोणीच उरला नाही, तिथले शौर्य कुठल्याही कागदावर आले नाही. पदकांच्या यादीत नाव नसणे हा कोणाच्या भित्रेपणाचा पुरावा नव्हे.

८/ मग पदक निरर्थक ठरते का? मुळीच नाही. सामान्य शिपायाविषयी इतिहास फारच थोडे लिहून ठेवतो. त्याने कुठे, कधी, कोणत्या स्थितीत काय केले, हे सांगणाऱ्या मानपत्रातील मोजक्या ओळी म्हणूनच मोलाच्या आहेत. घाडगे यांचे नाव इटलीतील कॅसिनो स्मारकावर कोरलेले आहे. ज्ञात कबर नसलेल्यांची नावे तिथे आहेत. अशा माणसाच्या बाबतीत त्या ओळींचे मोल आणखी वाढते.

९/ आता साम्राज्याचा प्रश्न. १९३९ मध्ये भारताला न विचारता युद्धात ओढले गेले, हे सत्य आहे. सुमारे २५ लाख भारतीय त्या युद्धात सैन्यात होते, हेही सत्य आहे. युद्ध पुकारण्याचा निर्णय घाडगे यांचा नव्हता. त्या मशीनगनवर धावून जाण्याचा निर्णय मात्र त्यांचा होता. साम्राज्यावर कठोर टीका करावी; पण तिच्या भरात त्या तरुणाचे कर्तृत्वही साम्राज्याच्या खात्यात जमा करू नये.

१०/ स्वतंत्र भारताने २६ जानेवारी १९५० रोजी परमवीर चक्र स्थापन केले आणि ते १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू केले. पहिले मानकरी मेजर सोमनाथ शर्मा, मरणोत्तर. आजवरच्या २१ मानकऱ्यांपैकी १४ मरणोत्तर आहेत. या पदकाची रचना सावित्रीबाई खानोलकर यांनी केली. त्यावरील इंद्राचे वज्र दधीची ऋषींच्या कथेची आठवण देते. दधीचींनी अस्थी दिल्या. त्यांचे वज्र घडवण्याचे काम मागे राहिलेल्यांचे होते.

११/ आपले कामही तेच आहे. वीराची कथा पुढे पाठवताना शत्रूंची संख्या वाढवू नका. घाडगे यांच्या मानपत्रात ते चारच जण आहेत, आणि तेवढे पुरेसे आहेत. तारीख, स्थळ, पलटण लिहा. पदक कोणत्या नियमाने मिळाले किंवा मिळाले नाही, तेही सांगा. आणि त्याच माऱ्यात कोसळलेल्या तुकडीतील इतरांचा उल्लेख गाळू नका. माणगावच्या पुतळ्याला हार घालणे सोपे आहे. खरी हकीकत जशी घडली तशी जपणे कठीण आहे, आणि मृत सैनिकाचा खरा सन्मान मला त्यातच दिसतो.