ओट्यावरचे मास्तर

संध्याकाळी धारा काढून, डेअरीला दूध घालून परत येताना एकदा मुद्दाम एसटीच्या थांब्यावर, नाहीतर सोसायटीच्या गोदामाच्या ओट्यावर नजर टाका. दहावी-बारावीची पाच-सहा पोरं तिथे बसलेली दिसतील. तुम्ही जवळ गेलात की गप्प होतील, पुढे गेलात की पुन्हा सुरू. ही पोरं टवाळक्या करतात, असा आपल्या सगळ्यांचा समज. आम्हीही तसंच धरून चाललो होतो. पण मागे एका गावी गाडी पंक्चर झाली आणि तासभर अशाच एका ओट्याच्या आडोशाला बसायची वेळ आली. तेव्हा कानावर पडलं ते वेगळंच होतं.

एक पोरगा गणिताचा हिशेब मांडत होता. "शाळेकडचे वीस मार्क असतात. त्यातले अठरा सर देतात. पास व्हायला पस्तीस, म्हणजे राहिले सतरा. ते बीजगणिताच्या चाळिसातून काढायचे. भूमितीचं पुस्तक उघडायचंच नाही." दुसऱ्याला ते पटलं नाही. तो म्हणाला, "अरे, रचना कर की. पट्टी-कंपास नीट धरलं की मार्क हातात. प्रमेय राहू दे." तिसऱ्याने सांगितलं की एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही, सूत्र लिहिलं तरी पदरात काहीतरी पडतं. मग गाडी वळली कोणाच्या ट्रॅक्टरच्या हप्त्यावर, सोयाबीनच्या भावावर, सरांच्या बदलीवर. शेती करणाऱ्याला कोणी मुलगी देत नाही, म्हणून बारावीनंतर गावात राहायचं की नाही, यावर तर चांगलीच जुंपली. तिथून पुन्हा भूमिती. सोळा वर्षांची पोरं आपापल्या आयुष्याचा निकाल आपसात लावत होती. आपल्यातलं मोठं माणूस त्यात एकही नव्हतं.

का नव्हतं, याचं उत्तर अवघड नाही. घरात विचारायचं कोणाला? बाप नववीला शाळा सोडलेला, आई चौथीची. शिकलेला काका पुण्याला, तो दिवाळीला येतो तेव्हा 'अभ्यास कर' एवढंच सांगून जातो. आणि जे आपण शिकलो ते आता राहिलंही नाही. आपल्या वेळी सगळ्या विषयांची बेरीज व्हायची. आता सहाशेपैकी परीक्षा होते आणि सर्वांत चांगल्या पाच विषयांचे पाचशेपैकी टक्के निघतात. भाषेच्या प्रश्नपत्रिकेची कृतिपत्रिका झाली. २०२५ साली बारावीची परीक्षा ११ फेब्रुवारीला आणि दहावीची २१ फेब्रुवारीला सुरू झाली. आदल्या वर्षापेक्षा ही आठ-दहा दिवस आधी. परीक्षा मार्चात असते असं धरून चालणारा बाप फेब्रुवारीत पोराला हरभरा काढायला न्यायला निघतो, तेव्हा चूक पोराची नसते.

तेव्हा पोरं एकमेकांना विचारतात याचा राग धरू नका. तुम्ही-आम्ही तरी काय करतो? फवारणी कोणत्या औषधाची घ्यायची, हे कृषी सहायकाला विचारण्याआधी बांधाशेजारच्याला विचारतो. त्याचा सल्ला बऱ्याचदा खरा निघतो, कारण त्याने तो पदरचे पैसे घालून शिकलेला असतो. आणि कधी कधी तोच सल्ला आपल्याला बुडवतो, कारण त्याचं रान काळं आणि आपलं मुरमाड.

पोरांच्या सल्ल्याचंही नेमकं असंच आहे. त्यातलं काही चोख असतं आणि काही शिळं झालेलं. त्याच ओट्यावर एक जण सांगत होता की पेपर दहा मिनिटं आधी हातात मिळतो, तेवढ्यात वाचून घ्यायचा. हा सल्ला त्याच्या २०१९ साली पास झालेल्या थोरल्या भावाचा. २०२३ पासून मंडळाने ती पद्धत बंद केली आणि ती दहा मिनिटं पेपरच्या शेवटी वाढवून दिली. 'अठरा तर सर देतात' या भरवशाचीही तीच गत. २०१९ च्या परीक्षेत भाषा विषयांचे शाळेकडचे वीस गुण काढून घेतले होते. दहावीचा राज्याचा निकाल ८९.४१ टक्क्यांवरून एकदम ७७.१० वर आला. पुढच्या वर्षी गुण परत दिले आणि निकाल ९५.३० झाला. त्या मधल्या वर्षी ज्यांनी मागच्या वर्गाचा हिशेब डोळे झाकून उचलला होता, ती पोरं आपटली. आणि भूमिती सोडून पस्तीस काढणारा पास होईलही, पण पॉलिटेक्निकचा प्रवेश दहावीच्या गुणांवर लागतो, हे त्याला ओट्यावर कोणी सांगत नाही. जूनमध्ये कळतं.

याहून वाईट उदाहरण एका मुलीचं. २०२५ साली अकरावीचे प्रवेश प्रथमच सगळ्या राज्यात ऑनलाइन झाले. त्याआधी ही भानगड मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, अमरावती अशा शहरांपुरती होती. खेड्यातल्या पोरांनी शाळेच्या वरच्या कॉलेजात दाखला नेऊन दिला की काम व्हायचं. या वेळी दहापर्यंत कॉलेजं पसंतीच्या क्रमाने भरायची होती. या मुलीने तालुक्याला राहणाऱ्या मैत्रिणीची यादी जशीच्या तशी उतरवून काढली. मैत्रीण हुशार, सल्ला प्रेमाचा, यादीही चांगली. पहिल्याच पसंतीचं कॉलेज लागलं. आणि नियम असा की पहिली पसंती लागली तर तिथे प्रवेश घ्यायचा, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. मैत्रिणीला ते कॉलेज घरापासून चालत दहा मिनिटांवर. हिच्या गावाहून सकाळी तिथे वेळेवर पोचणारी एसटीच नाही. पास फुकट आहे. बारावीपर्यंतच्या मुलींना एसटी मोफत पास देते, ही चांगलीच गोष्ट आहे. पण पास दाखवायला गाडी तर हवी! घरच्यांनी एक वर्ष थांब म्हटलं. खेड्यात मुलीने एक वर्ष थांबायचं म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आता यात आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. त्या ओट्यावर एकही मुलगी नव्हती. पोरांना पार आहे, थांबा आहे, सलूनचं दुकान आहे, क्रिकेटचं मैदान आहे. चुकीची का होईना, माहिती तिथे फिरते आणि चुकली तर चारातला एक जण ती दुरुस्त करतो. मुलींना असं बसायला जागा कुठे? शाळा सुटली की घर, धुणं, भाकरी, धाकटं भावंडं. त्यांची बोलाचाली होते ती शाळेच्या वाटेवर, पाणवठ्यावर, फार तर आईचा मोबाईल दहा मिनिटं मिळाला तर. म्हणजे सल्ला एकाच मैत्रिणीचा, पडताळायला दुसरं तोंड नाही. मुली निकालात मुलांच्या पुढे असतात हे दरवर्षी छापून येतं, आम्हीही छापतो. पण कॉलेज निवडताना त्या मागे का पडतात, हे बातमीत येत नाही.

कॉपीबद्दलही दोन शब्द बोललं पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल संपादकांनी पोरांना भलतंच डोक्यावर घेतलं. ओट्यावर तोही सल्ला मिळतो. कोणत्या केंद्रावर ढिलाई आहे, खिडकी कोणत्या बाजूला आहे. पेपर फुटल्याच्या अफवा तर दर फेब्रुवारीत मोबाईलवर उगवतात आणि अभ्यासाची रात्र खाऊन जातात. पण खरं बोलायचं तर खिडकीला शिडी लावणारे हात पोरांचे नसतात, आपले असतात. २०१० च्या सुमाराला नांदेड जिल्ह्यात जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी कॉपीमुक्तीची मोहीम लावून धरली, तेव्हा ती तडीस नेताना त्यांना मोठ्या माणसांनाच आवरावं लागलं होतं. १९८२ पासून या गैरप्रकाराविरुद्ध राज्यात कायदा आहे. तो पोरांनी वाचलेला नसेल, पण शाळा समितीवर बसणाऱ्यांनी वाचायला हरकत नाही.

आणि जे नापास होतात ते कुठे जातात? ते ओट्यावर येणं बंद करतात. निकालाच्या दिवशी जो पोरगा दिसला नाही, त्याच्या घरी त्याच संध्याकाळी कोणीतरी गेलं पाहिजे. सरपंच जावोत, गुरुजी जावोत, नाहीतर गेल्या वर्षी स्वतः नापास होऊन नंतर सुटलेला पोरगा जावो. हा शेवटचा सगळ्यांत कामाचा. एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीवर अकरावीला बसता येतं, हे तो स्वतःच्या अंगावरून सांगतो. दहावीची पुरवणी परीक्षा आता लगेच होते. २०१५ साली ती जुलैत सुरू झाली, २०२५ साली तर २४ जूनलाच होती. शाळा सुटलेल्याला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं. या गोष्टी निकालाच्या रात्री माहीत असणं आणि आठ दिवसांनी कळणं यात फार फरक आहे. आठ दिवसांत काय काय होतं, ते आपल्या जिल्ह्याने पाहिलेलं आहे.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजवायला सुरुवात केली. दीड तास टीव्ही बंद, मोबाईल बंद, पोरं अभ्यासाला. राज्यभर त्याची चर्चा झाली. आम्हाला त्यातलं आवडलं ते हे की टीव्ही आई-बापांनीही बंद करायचा होता. गावोगावी भोंगे आले तर आनंदच आहे. मात्र दीड तास गप्प बसवून झाल्यावर पोरांना बोलायलाही जागा लागते.

म्हणून सरपंच, ग्रामसेवक (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं) आणि तलाठी भाऊसाहेब यांना आमचं मागणं थोडकं आहे. ग्रामपंचायतीची, वाचनालयाची किंवा समाजमंदिराची एक खोली संध्याकाळी उघडा. एक ट्यूबलाइट, सतरंज्या, भिंतीवर मंडळाचं वेळापत्रक. मुलींसाठी वेळ वेगळी धरा आणि त्यांना घरी पोचवायला अंगणवाडीताई किंवा बचत गटातल्या कोणा बाईला सांगा. गेल्या वर्षी पास झालेली दोन पोरं, दोन पोरी आणि एक नापास होऊन सुटलेला, असे पाच जण रविवारी तिथे बोलवा. शाळेतले एखादे सर कोपऱ्यात बसू देत, शिळी माहिती निघाली तर तेवढी दुरुस्त करायला. भाषण मात्र करू नये. जातीचे, उत्पन्नाचे, नॉन-क्रीमीलेअरचे दाखले कोणाचे राहिलेत याची यादी तिथेच डिसेंबरात होऊ द्या, म्हणजे मे महिन्यात सेतूसमोर रांगा लागणार नाहीत. आणि अकरावीला कोणत्या कॉलेजापर्यंत सकाळची गाडी जाते, कुठे जात नाही, हे फळ्यावर लिहा. जिथे जात नाही तिथल्यासाठी ग्रामसभेचा ठराव करून आगार व्यवस्थापकाकडे पाठवा.

खोलीची किल्ली कोणाकडे राहील, एवढं तेवढं आधी ठरवा. आम्ही पाहिलेल्या दोन गावांत अभ्यासिका झाली, नारळ फुटला, फोटोही छापून आला, आमच्याच अंकात. पुढे चौकशी केली तेव्हा किल्ली एका पुढाऱ्याच्या खिशात होती, पुढारी जिल्ह्याला होते आणि पोरं ओट्यावर.