उजेडाच्या नियमाला सूट नको

मुंबईतील घरटंचाईचे खापर बांधकाम नियमावलीवर फोडणारा एक पक्ष आज प्रबळ आहे. चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येते ते प्रमाण, वाढवावा आणि सामासिक अंतरे, म्हणजे इमारतीभोवती सोडावयाची मोकळी जागा, घटवावीत, म्हणजे घरे मुबलक व स्वस्त होतील, असे तो मानतो. यातील पहिल्या मागणीत तथ्य आहे, कारण या शहरात बांधकामाचे प्रमाण दीर्घकाळ अवाजवी कमी ठेवले गेले. दुसरी मागणी मात्र अनुभवाच्या कसोटीवर टिकत नाही.

1896 च्या प्लेगनंतर 1898 मध्ये स्थापन झालेल्या मुंबई सुधार न्यासाने साडेत्रेसष्ट अंशांचा नियम पुरस्कारला. खोलीच्या पायथ्यापासून या कोनात वर नेलेल्या रेषेला समोरच्या इमारतीने अडवू नये, असा त्याचा आशय होता. म्हणजेच समोरच्या इमारतीच्या उंचीच्या सुमारे निम्मे अंतर मोकळे राहावे. एकवीस मीटर उंचीच्या सात मजली इमारतीसमोर या हिशेबाने साडेदहा मीटर हवेत. गोवंडी-मानखुर्दच्या नटवर पारेख कंपाउंड आणि लल्लूभाई कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींत, पुनर्वसनाच्या इमारतींना दिलेल्या सवलतींमुळे, हे अंतर ठिकठिकाणी जेमतेम तीन मीटरवर आले. खालच्या मजल्यांवर भरदुपारी दिवा लावावा लागतो, आणि कोंदट, अंधाऱ्या घरांचा क्षयरोगाशी असलेला संबंध याच वसाहतींच्या अभ्यासातून पुढे आला आहे. मोकळी जागा वाढवली तर योजना परवडत नाही, हा आक्षेप येथे नेहमी घेतला जातो. परंतु वाचवलेला तो खर्च नाहीसा होत नाही. तो आजारी माणसाच्या बुडालेल्या मजुरीतून आणि पालिकेच्या रुग्णालयांतून वसूल होतो, आणि ज्याला ती सदनिका नाकारण्याची सोयच नव्हती त्याच्याकडून तो वसूल होणे अन्याय्य आहे.

म्हणून सैल काय करावे आणि आवळावे काय, याचा निवाडा वेगळ्या निकषावर व्हावयास हवा. तो निकष मुंबईतच सापडतो. जागतिक बँकेच्या साहाय्याने 1985 पासून राबवलेल्या नागरी विकास प्रकल्पात चारकोप, गोराई येथे अल्प उत्पन्न गटातील कुटुंबांना पंचवीस-चाळीस चौरस मीटरचे भूखंड, रस्ते, पाणी व मलनिःसारण देऊन घर ऐपतीप्रमाणे टप्प्याटप्प्याने बांधू दिले. तेथे सवलत भूखंडाच्या आकाराला आणि घराच्या अपूर्णतेला मिळाली. सामाईक अंगण आणि गल्ली मात्र आराखड्यातच राखली गेली. हीच विभागणी नियमावलीने स्वीकारावी. किमान भूखंड, सक्तीचे वाहनतळ, एकाच वेळी पूर्ण बांधकामाची अट हे सारे गरिबांच्या घरांसाठी खुशाल शिथिल करावे. परंतु मोकळ्या जागेतील त्रुटी अधिमूल्य, म्हणजे जादा शुल्क, घेऊन माफ करण्याचा अधिकार रद्द करावा, आणि भोगवटा प्रमाणपत्र देण्यापूर्वी सर्वांत खालच्या मजल्यावरील खिडकीत प्रत्यक्ष उजेड मोजून त्याची नोंद करणे पालिकेवर बंधनकारक करावे.