पोटाची लोंबती कातडी: सौंदर्य की उपचार?

प्रतिनिधी, ठाणे

बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रियेनंतर वजन उतरते, मधुमेहही आटोक्यात येतो. पण ताणलेली कातडी पूर्ववत होत नाही. ती पोटावरून खाली लोंबते. घडीखाली घाम साचतो, बुरशीचा संसर्ग होतो, जखमा चिघळतात. यंत्रासमोर पूर्ण पाळी उभे राहणाऱ्या कामगाराच्या दृष्टीने हा प्रश्न दिसण्याचा नसून रोजीरोटीचा असतो. मात्र ही कातडी काढण्यासाठी विम्याचा दावा दाखल केला, की अनेकदा 'कॉस्मेटिक शस्त्रक्रिया' हा शेरा मारून तो परत पाठवला जातो. वागळे इस्टेटसारख्या औद्योगिक वसाहतीत, जिथे कारखाने आणि आयटी कार्यालये शेजारी शेजारी आहेत, तिथे हा प्रश्न दोन्हीकडच्या नोकरदारांना भेडसावू शकतो.

कलम काय सांगते?

विमा नियामक प्राधिकरणाने सप्टेंबर २०१९ मध्ये आरोग्य विम्यातील अपवादांची भाषा प्रमाणित केली. त्यानुसार सौंदर्यवर्धक किंवा प्लास्टिक शस्त्रक्रियेचा खर्च मिळत नाही. मात्र अपघात, भाजणे किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना त्यातून वगळलेली आहे. तसेच आरोग्याला असलेला थेट व तात्काळ धोका दूर करण्यासाठी शस्त्रक्रिया वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक असल्याचे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी प्रमाणित केल्यास खर्च मिळू शकतो. दाव्याचा सारा भार या एका वाक्यावर आहे.

खरी अडचण 'तात्काळ' या शब्दात आहे. वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा होणारा संसर्ग तात्काळ धोका मानायचा की नाही, याचे मोजमाप कलमात नाही. स्थूलतेवरील शस्त्रक्रियेसाठी त्याच नियमावलीत बीएमआय ४०, किंवा गंभीर सहव्याधी असल्यास ३५, असा स्पष्ट निकष आहे. त्यानंतर उरणाऱ्या कातडीबाबत मात्र तसा निकष नाही. म्हणजे पहिल्या शस्त्रक्रियेला विमा मिळतो आणि तिच्याच परिणामावरील दुसरी वादात अडकते.

वैद्यकशास्त्र या दोन बाबींत भेद करते. केवळ लोंबणारी कातडी व चरबी काढणे म्हणजे 'पॅनिक्युलेक्टॉमी'. स्नायू आवळून, बेंबीची जागा बदलून पोटाला आकार देणे म्हणजे 'अॅब्डॉमिनोप्लास्टी'. दुसरी शस्त्रक्रिया बहुधा सौंदर्यवर्धक समजली जाते. त्यामुळे कागदपत्रांत नेमका कोणता शब्द लिहिला आहे, याला महत्त्व येते. हर्नियाबरोबरच कातडी काढल्यास हर्नियाचा खर्च मंजूर होऊन उरलेला कापला जाण्याची शक्यता असते.

कागद बोलतात

दाव्याला बळ येते ते नोंदींमुळे. संसर्गावर अनेक महिने केलेल्या औषधोपचारांची चिठ्ठी, त्वचारोगतज्ज्ञांचा अभिप्राय, जखमांची छायाचित्रे, वजन काही महिने स्थिर असल्याची नोंद आणि शल्यचिकित्सकांचे सविस्तर प्रमाणपत्र जवळ हवे. शस्त्रक्रियेपूर्वीच लेखी पूर्वमंजुरी मागणे श्रेयस्कर.

कामगार विमा योजनेची वाट वेगळी आहे. जानेवारी २०१७ मध्ये तिची वेतनमर्यादा २१ हजार रुपये करण्यात आली. वागळे इस्टेटमध्ये या योजनेचे रुग्णालय आहे. तिथे खासगी पॉलिसीप्रमाणे दावा करायचा नसतो. विमा रुग्णालयातील डॉक्टरांची शिफारस व पुढील रुग्णालयासाठीचे संदर्भपत्र निर्णायक ठरते.

दाद कुठे मागाल?

मे २०२४ च्या परिपत्रकानुसार दावा-आढावा समितीच्या मंजुरीविना कंपनीला दावा नाकारता येत नाही आणि नकाराची कारणे पॉलिसीच्या नेमक्या अटींचा हवाला देऊन कळवावी लागतात. प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर न आल्यास किंवा ते असमाधानकारक असल्यास एक वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे जाता येते. तिथे शुल्क नाही, वकिलाचीही गरज नाही. ५० लाख रुपयांपर्यंतची भरपाई देण्याचा अधिकार लोकपालांना आहे. ठाण्यातही लोकपालांचे कार्यालय आहे.

परंतु प्रत्येक रुग्णाने स्वतंत्रपणे भांडणे हा उपाय नव्हे. संसर्ग किती काळ टिकला, कातडी कुठवर लोंबते, हालचालीला किती अडथळा होतो, असे निकष नियामकाने ठरवून दिले, तर सौंदर्य आणि उपचार यांतील सीमारेषा प्रत्येक दाव्यात नव्याने आखावी लागणार नाही.