पंचांग, माग आणि क्रमांक

सदऱ्याच्या आतल्या शिवणीत एक लहानशी चिठ्ठी असते. तीवर माप असते, धुण्याची रीत असते आणि बहुधा कोणाच्याही लक्षात न येणारा एक लांबलचक आकडा असतो. तो आकडा म्हणजे त्या सदऱ्याचे गोत्रच होय. मोठ्या शिवणकारखान्यांत कापलेल्या तुकड्यांचे गठ्ठे बांधून प्रत्येकास क्रमांक देतात. बाही लावणारीने, काज करणारीने आपले काम संपताच तो यंत्रासमोर धरावयाचा, की कोणता गठ्ठा कोठे अडला हे कचेरीतील पडद्यावर तत्काळ दिसते. युरोपीय संघाने तर 2024 साली कायदा केला असून पुढेमागे तेथे विकल्या जाणाऱ्या कपड्यांस आपली जन्मकथा सांगणारे पारपत्र बाळगावे लागणार आहे.

विद्या चांगली आहे. आमचा आक्षेप तिला नाही. ती कोणाकडे तोंड करून उभी केली जाते, याला आहे.

आमच्या हैदराबादेहून तीन-चार तासांच्या वाटेवर सिरसिल्ला हे यंत्रमागांचे गाव आहे. तेलंगणातील पद्मशाली विणकर पोटासाठी सोलापूर-भिवंडीस गेले, हे आपणां मराठी माणसांस ठाऊकच आहे. जे मागे राहिले त्यांच्या हातांस काम मिळावे व शिधापत्रिकाधारक घरांतील स्त्रियांस बतुकम्माच्या सणाला नवी साडी मिळावी, अशा दुहेरी हेतूने 2017 साली राज्य सरकारने सुमारे एक कोटी साड्या वाटण्याचे योजिले. हेतू उत्तमच. परंतु वेळ अपुरा पडला, बराच माल सुरतेहून आणावा लागला, आणि पोत पाहून स्त्रिया संतापल्या. काही ठिकाणी त्यांनी साड्या जाळल्यासुद्धा.

येथे थोडे हिशेबाचे बोलू. साडी विणण्यापूर्वी सूत यावे लागते, ताणा काढून बीम भरावे लागते, कांड्या भराव्या लागतात. विणल्यावर कच्चा तागा धुलाईस व रंगणीस जातो. मग घडी, मग गाड्या. मागचे काम झाल्यावाचून पुढचे हाती घेता येत नाही. म्हणून शहाणा कारखानदार शेवटच्या दिवसापासून उलटा मोजत येतो, आणि सूत केव्हा हवे हे त्यावरून ठरवितो. बतुकम्मा सर्वपित्री अमावास्येस सुरू होते आणि ती अमावास्या केव्हा येणार, हे पंचांगात कितीतरी आधी छापलेले असते! आरंभीच्या टप्प्यात एक महिना वाया गेला, तर तो कोणी परत देत नाही. तो मागावरच्या माणसाच्या झोपेतून वसूल होतो.

पुढे काही वर्षे या साड्यांनी सिरसिल्ल्यास काम दिले. 2024 साली योजना बंद पडली, माग थंडावले. 2025 साली बचत गटांतील स्त्रियांसाठी साड्यांचे नवे काम आले. काही महिने रात्रपाळी आणि उरलेले महिने रिकामे हात, याला वेळापत्रक म्हणावयास आमची जीभ रेटत नाही.

तेलंगणात हातमागांची उपग्रहाच्या साहाय्याने नोंद होऊन त्यांस क्रमांक मिळाले आहेत. सुतावरील सवलत खऱ्या विणकरापर्यंत पोचावी, हा त्यामागील उद्देश आणि तो आम्हांस मनापासून मान्य आहे. मग तीच विद्या वरच्या दिशेने का वापरू नये? फायलीलाही क्रमांक असतोच. ती कोणत्या मेजावर किती दिवस पडून होती, एवढेच विणकरास दिसत नाही. हुकमावर सही केव्हा झाली, सूत केव्हा निघाले, बिल केव्हा मंजूर झाले, हे त्याच पडद्यावर सिरसिल्ल्यात दिसू द्यावे. अंदाजपत्रक आणि निविदा यांना वेळ लागतो, असे कोणी म्हणेल. लागतो ना, मग ते दिवसही वेळापत्रकात मोजावेत.

सरकारी शाळांच्या गणवेशाचे कापडही सिरसिल्ल्यास विणले जाते आणि बचत गटांतील स्त्रिया ते शिवतात. शाळा जूनमध्ये उघडते, हे पहिलीतील पोरालाही ठाऊक असते. गणवेश वेळेवर आला नाही, तर लोक शिवणारीच्या दाराशी जातात. ती गावातलीच असते, तिला जाब विचारणे सोपे. कापडाचा हुकूम कोणत्या तारखेस निघाला, हे मात्र तिलाही कोणी सांगितलेले नसते.