केबिनमधले स्विच आत घ्या, पण कोंडू नका

१ जून ते ३१ जुलै, बंदीचे ६१ दिवस. जाळी दुरुस्त होतात, रंग मारला जातो, इंजिन खोलले जाते. केबिनमधल्या स्विचबोर्डाकडे मात्र कोणी बघत नाही. किती ट्रॉलरवर तेच चित्र दिसते: प्लायवूडवर घरातले स्विच ठोकलेले, बाजूला जीपीएस आणि फिश फाइंडर, खाली वायरींचा गुंता, वर कोणाचा तरी टॉवेल वाळत.

आमचे मत स्पष्ट आहे. हा बोर्ड फळीच्या आत, खोबणीत बसवून घ्यावा. बोट हेलकावली की खलाशाचा कोपर लागतो, दोरी अडकते आणि नेमका पाणी उपसायच्या पंपाचा स्विच बंद पडतो. रात्रीच्या वेळी ते लक्षात यायला किती उशीर होतो, हे तांडेलांना विचारा.

पण फळी कापून स्विच आत ढकलले की झाले, असे नाही. खोबणीचा तळ बाहेरच्या बाजूला उतरता हवा, नाहीतर खारे पाणी तिथेच साचेल. पॅनेल बिजागरीवर उघडणारे करा. मागे हात जात नसेल तर आतले जोड हिरवे पडलेले कोणाला दिसणार? वायरीला जोडाच्या आधी थोडा झोल द्या, म्हणजे ओघळणारे पाणी खालीच टपकेल. कल्हई केलेली मरीन वायर महाग आहे, तरी तीच घ्या. मेन फ्यूज बॅटरीजवळच हवा. होकायंत्राशेजारी स्पीकर तर मुळीच नको, त्यातल्या चुंबकाने सुई फिरते.

दोन गोष्टी मात्र आत नकोतच: व्हीएचएफचा माइक आणि इंजिन बंद करायची खेच. तांडेलच पाण्यात पडला तर चॅनेल १६ वर हाक कोण मारणार? बाकीचेच ना? त्यांना अंधारात चाचपून ते सापडले पाहिजे. आपले कितीतरी खलाशी ओडिशा, झारखंडचे आहेत, तेव्हा स्विचवर नुसती इंग्रजी अक्षरे नकोत, चित्रेही रंगवा.

खर्च होतो, मान्य. म्हणूनच सुताराच्या आधी वायरमनला बोलवा, पुठ्ठ्याचा नमुना लावा आणि सुकाणूवर तांडेलाला उभे करून त्याचा हात कुठे पोचतो ते बघा. मालकाचा नव्हे, तांडेलाचा.