प्रकाशाच्या उगमावर मालकी कोणाची?

केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये अर्धवाहक उद्योगासाठी ७६,००० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. ऑगस्ट २०२५ पर्यंत या योजनेखाली दहा प्रकल्पांना मंजुरी मिळाली आणि त्यांतील एकूण गुंतवणूक सुमारे १ लाख ६० हजार कोटी रुपयांची असेल असे सांगण्यात आले. योजनेत 'सिलिकॉन फोटॉनिक्स'चा, म्हणजे सिलिकॉनच्या चकतीवर विजेऐवजी प्रकाश खेळविण्याच्या तंत्राचा, स्पष्ट उल्लेख आहे. अशा कारखान्यांना भांडवली खर्चाच्या निम्मे साहाय्य देण्याची तरतूदही आहे. तथापि प्रकाशाने चालणाऱ्या संगणकास जो लेसर लागतो, तो घडविणारा एकही कारखाना त्या दहांत नाही. तांदळाच्या दाण्याहून लहान असलेल्या या वस्तूची चिंता राजकीय कार्यकर्त्याने कशासाठी वाहावी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, संगणकाच्या येत्या काळातील अर्थकारणात मक्तेदारीची नाडी याच वस्तूत असण्याचा संभव आहे. आणि ती नाडी एकदा दुसऱ्याच्या हाती गेली म्हणजे चिपांच्या कारखान्यांवर केलेला खर्च आपल्याला स्वावलंबी करू शकणार नाही.

प्रकाशाच्या संगणकाची गरज का भासू लागली, हे प्रथम पाहावयास हवे. आजच्या संगणकात आकडे तांब्याच्या तारांतून विजेच्या रूपाने धावतात. तार जितकी बारीक आणि वेग जितका अधिक, तितकी उष्णता अधिक. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने एप्रिल २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील डेटा सेंटरांनी २०२४ साली सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली. जगाच्या एकूण वीजवापराच्या तुलनेत हे प्रमाण दीड टक्का भरते, आणि २०३० पर्यंत ही मागणी ९४५ अब्ज युनिटांच्या घरात जाईल असा अंदाज त्याच अहवालात आहे. हा भार दूर परदेशात पडणार आहे असे समजण्याचे कारण नाही. भारतातील डेटा सेंटरांच्या क्षमतेचा सर्वांत मोठा वाटा मुंबई आणि नवी मुंबई परिसरात आहे. ऐरोली-महापे पट्ट्यातील थंडगार इमारतींची वीज आणि खेड्यातील शेतीपंपाची वीज एकाच जाळ्यातून येते, हे महाराष्ट्रातील कार्यकर्त्यास सांगावयास नको.

प्रकाशाला तांब्याच्या तारेसारखा रोध होत नाही. शिवाय निरनिराळ्या रंगांचे किरण एकाच मार्गाने परस्परांना न अडविता जाऊ शकतात. या गुणांचा उपयोग गणितासाठी करून घेण्याची युक्ती थोडक्यात अशी आहे. लेसरचा किरण दुभागावयाचा, एका शाखेची लय किंचित मागेपुढे करावयाची आणि दोन्ही शाखा पुन्हा एकत्र आणावयाच्या. लय जुळली तर प्रकाश वाढतो, न जुळल्यास मावळतो. अशा रीतीने संख्येचा गुणाकार प्रकाशाच्या तीव्रतेत उतरतो. अशा अनेक जोड्यांची जाळी विणली की संपूर्ण कोष्टकाचा गुणाकार प्रकाश चिपेतून पार होईपर्यंत घडून येतो. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नावाने जे आज चालले आहे, त्यातील बहुतांश श्रम याच गुणाकाराचे आहेत. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेतील संशोधकांनी २०१७ साली अशा ५६ जोड्यांच्या चिपेकडून बोलण्यातील स्वर ओळखवून घेतले. तिचे उत्तर सुमारे ७७ टक्के वेळा बरोबर आले. साध्या संगणकाचे सुमारे ९२ टक्के. म्हणजे वाट सापडली आहे, पण मुक्काम दूर आहे. स्मरण ठेवणे आणि निर्णय करणे ही कामे अद्याप विजेकडेच आहेत, आणि विजेचे प्रकाशात व प्रकाशाचे पुन्हा विजेत रूपांतर करताना बचतीचा काही भाग खर्ची पडतो.

या साऱ्या रचनेत लेसरचे स्थान गिरणीतील बाष्पयंत्रासारखे आहे. जाळीतील प्रत्येक फाट्यावर प्रकाश वाटला जातो, प्रत्येक वळणावर थोडा गळतो, आणि शेवटी जो उरतो त्यावरून उत्तर वाचावयाचे असते. प्रकाश कणाकणांनी येत असल्यामुळे क्षीण किरणात अनिश्चितता मोठी असते. उत्तराची अचूकता एका बिटाने वाढवावयाची तर अनुकूल परिस्थितीतही प्रकाश चौपट करावा लागतो. त्यातच लेसर उष्णतेने बिघडतो, त्याचा रंग सरकतो, आयुष्य घटते. म्हणून त्याला तापलेल्या चिपेपासून दूर, बदलता येईल अशा वेगळ्या खोक्यात ठेवण्याची पद्धत आता रूढ होत आहे. संगणकाची वीज वाचेल की नाही, त्याची किंमत किती पडेल, तो किती वर्षे टिकेल, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे बऱ्याच अंशी या खोक्यात आहेत.

आणि येथेच सिलिकॉनचे सामर्थ्य संपते. सिलिकॉन प्रकाश वाहून नेतो, वळवितो, अडवितो. पण विजेपासून प्रकाश निर्माण करण्याचे काम त्याला नीट जमत नाही. त्याची अणुरचनाच तशी नाही. ते काम गॅलियम आर्सेनाइड, इंडियम फॉस्फाइड अशा संयुगांना करावे लागते. सिलिकॉनच्या बारा इंची चकत्या जगात अनेक ठिकाणी हाताळल्या जातात. इंडियम फॉस्फाइडच्या चकत्या मात्र आतापर्यंत बहुधा दोन ते चार इंचांच्या असत आणि सहा इंची चकती अलीकडची आहे. ठिसूळ, महाग आणि थोड्यांनाच साधलेली अशी ही विद्या आहे.

ही विद्या कोणाच्या पैशावर उभी राहिली? अर्धवाहक लेसर १९६२ साली अमेरिकेतील चार गटांनी जवळजवळ एकाच वेळी सिद्ध केला. त्यांपैकी लिंकन प्रयोगशाळा सरकारच्या संरक्षणखर्चावर चालत होती. ते लेसर द्रवरूप नायट्रोजनाच्या थंडीत, क्षणभर झगमगून विझणारे होते. नेहमीच्या तापमानात अखंड चालणारा लेसर १९७० साली प्रथम लेनिनग्राडच्या योफे संस्थेत झोरेस आल्फेरॉव्ह यांच्या गटाने केला. ती सोव्हिएत सरकारची संस्था होती. काही आठवड्यांतच अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत हायाशी व पॅनिश यांनी तेच साधले. बेल प्रयोगशाळा खाजगी खरी, पण तिचा खर्च सरकारी नियंत्रणाखालील टेलिफोन मक्तेदारीच्या उत्पन्नातून, म्हणजे सामान्य ग्राहकाने भरलेल्या बिलातून भागत असे. १९५६ सालच्या न्यायालयीन तडजोडीने त्या कंपनीला आपली तोवरची पेटंटे विनामूल्य आणि पुढील पेटंटे वाजवी दराने इतरांना खुली करावी लागली होती. सिलिकॉनवर इंडियम फॉस्फाइडचा थर चिकटवून केलेला मिश्र लेसर २००६ साली कॅलिफोर्नियाच्या सांता बार्बरा येथील विद्यापीठाने व इंटेल कंपनीने पुढे आणला, तेव्हाही त्या संशोधनास अमेरिकेच्या संरक्षण खात्याचा पैसा लागला होता. आल्फेरॉव्ह यांना २०००चे नोबेल पारितोषिक हर्बर्ट क्रोमर व जॅक किल्बी यांच्यासमवेत मिळाले. सारांश, जोखमीचा काळ समाजाने सोसला आणि फळ धरण्याच्या वेळी कुंपण खाजगी पडले.

हे कुंपण आज किती अरुंद आहे, हे पाहण्यासारखे आहे. इंडियम फॉस्फाइडच्या चकत्यांचा जगातील बहुतेक पुरवठा दोन जपानी कंपन्या आणि चीनमध्ये उत्पादन करणारी एक अमेरिकी कंपनी यांच्याकडून होतो. त्यांच्यामागे धातूंचा प्रश्न आहे. गॅलियम बॉक्साइटपासून अ‍ॅल्युमिना काढताना आणि इंडियम जस्त शुद्ध करताना उपउत्पादन म्हणून मिळते. त्यांच्या स्वतंत्र खाणी नसतात. जगातील प्राथमिक गॅलियमपैकी जवळजवळ सर्व आणि शुद्ध इंडियमपैकी निम्म्याहून अधिक चीनमध्ये निघते. अमेरिकेने ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रगत चिपा चीनला देण्यावर निर्बंध घातले. चीनने ऑगस्ट २०२३ पासून गॅलियमच्या व फेब्रुवारी २०२५ मध्ये इंडियम फॉस्फाइडच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. दोन बलाढ्य राष्ट्रांच्या या झुंजीत ज्यांच्याकडे ना चकती ना धातू, त्यांनी 'मुक्त व्यापारा'वर विसंबून राहावे हा सल्ला भाबडा तरी आहे किंवा मतलबी तरी.

भारताची स्थिती रिकाम्या हातांची मुळीच नव्हती. गॅलियम आर्सेनाइडचा लेसर ट्रॉम्बेच्या अणुशक्ती संस्थेत, म्हणजे आजच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात, १९६५च्या सुमारासच तयार झाला होता आणि त्याच्या किरणावरून ट्रॉम्बे व कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था यांच्यात संदेशवहनाचा प्रयोगही झाला. पहिल्या शोधानंतर अवघ्या काही वर्षांत साधलेले हे यश होते. परंतु प्रयोगशाळेपासून कारखान्यापर्यंतची वाट बांधली गेली नाही. दहा-पंधरा वर्षे धीर धरणारे भांडवल आणि खात्रीने माल घेणारा ग्राहक, या दोन गोष्टी खाजगी बाजार असल्या उद्योगास आरंभी देत नाही. त्या सरकारनेच द्यावयाच्या असतात. जस्ताच्या बाबतीत तर उलटी पावले पडली. १९६६ साली सार्वजनिक क्षेत्रात स्थापन झालेल्या हिंदुस्थान झिंकचे व्यवस्थापन २००२ साली खाजगी समूहाकडे सोपविण्यात आले. त्या व्यवहारात जस्ताचा हिशेब झाला. जस्ताबरोबर येणाऱ्या दुर्मीळ धातूंच्या राष्ट्रीय महत्त्वाचा हिशेब कोणी मांडला? आजही मद्रासच्या आयआयटीत केंद्र सरकारच्या साहाय्याने सिलिकॉन फोटॉनिक्सचे चांगले काम चालू आहे. पण प्रकाशाचा उगम परदेशातून आणावयाचा असेल, तर तेथील तरुण संशोधकांची हुशारी अखेर दुसऱ्याच्या कारखान्याची मागणी वाढविण्याच्या कामी येईल.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, प्रकाशसंगणक अद्याप कच्चा आहे. त्यावर गरीब देशाने पैसा का लावावा? आक्षेपात तथ्य आहे. कोणता मार्ग यशस्वी होईल हे आज ठरलेले नाही. मायक्रोसॉफ्टच्या केंब्रिज येथील प्रयोगशाळेने २०२५ साली मांडलेल्या प्रकाशसंगणकात तर लेसरऐवजी साधे सूक्ष्म एलईडी वापरले आहेत. परंतु यातून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे. संगणकाच्या एखाद्या विशिष्ट नमुन्यावर डाव लावू नये; प्रकाश निर्माण करणाऱ्या संयुगांची विद्या मात्र हस्तगत करावी. कारण हाच लेसर फायबरच्या टेलिफोन जाळ्याला, डेटा सेंटरांतील जोडणीला आणि मोजमापाच्या उपकरणांना लागतो. प्रकाशसंगणक उद्या फसला तरी लेसरचा कारखाना वाया जाणार नाही.

दुसरा आक्षेप डाव्या बाजूचा आहे: या तंत्राने वीज वाचेल, म्हणून ते आपोआप जनहिताचे ठरेल काय? जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ सालीच दाखवून दिले होते की, बाष्पयंत्र काटकसरी झाले तसा कोळशाचा एकूण खप घटण्याऐवजी वाढला. एक गुणाकार स्वस्त झाला की नफ्यासाठी शंभर गुणाकार केले जातील. म्हणून विजेची बचत आपोआप समाजाच्या पदरात पडणार नाही. डेटा सेंटरांना वीज व पाणी कोणत्या अटींवर आणि कोणाच्या आधी द्यावयाचे, हा निर्णय लोकप्रतिनिधींनी घ्यावा लागेल. तंत्राचा विरोध आणि तंत्राची आरती यांच्या पलीकडची ही भूमिका आहे.

यास्तव काही स्पष्ट मागण्या पुढे आल्या पाहिजेत. इंडियम फॉस्फाइड व गॅलियम आर्सेनाइडवर लेसर घडविणारा एक कारखाना सार्वजनिक मालकीचा असावा आणि विद्यापीठांना व लहान उद्योगांना ठरावीक दराने खुला असावा. अ‍ॅल्युमिना व जस्ताच्या कारखान्यांना गॅलियम आणि इंडियम वेगळे काढण्याची अट घालावी; खाण राष्ट्राची असेल तर तिच्या गाळावरही राष्ट्राचा हक्क आहे. जेथे सरकार निम्मे भांडवल देते, तेथे त्या प्रमाणात मालकीत व पेटंटांत वाटा मागावा. आणि एक गोष्ट कामगार चळवळीने विशेष ध्यानात ठेवावी: हे थर घडविताना आर्सिन व फॉस्फिन हे अतिशय विषारी वायू वापरले जातात. अशा कारखान्यांत कंत्राटी पद्धत शिरू देणे म्हणजे कामगाराच्या प्राणांशी खेळणे होय. भोपाळनंतर हे वेगळे सांगण्याची वेळ येऊ नये.

प्रश्न क्लिष्ट आहे म्हणून तो तज्ज्ञांवर आणि कंपन्यांवर सोडून देण्याची सवय आपल्या चळवळींना महागात पडली आहे. चिपांच्या कारखान्यांची भूमिपूजने होतील, फलक लागतील, भाषणे होतील. अशा प्रत्येक सभेत कार्यकर्त्यांनी एक साधा प्रश्न विचारावा: निम्मे पैसे जनतेचे, तर निम्मी मालकी कोणाची? आणि त्या चिपांत उद्या जो प्रकाश खेळणार आहे, तो कोठून आणणार?